व्यास मोजला, घनफळ आठपट आलं: गोळ्याचा हिशेब कुठे फसतो

दरवर्षी डिसेंबर सरत आला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच जातीचे फोटो येऊ लागतात. एक्सेलची शीट, एका रकान्यात द्राक्षाच्या मण्यांची साईज मिलिमीटरमध्ये, शेजारी घनफळ, आणि खाली एक ओळ: 'दादा, एवढं बघून दे.' परवाही आला. आतेभावाचा, पिंपळगाव बसवंतहून. १६ मिमीच्या मण्यासमोर १७.१६ सीसी (घन सेमी) लिहिलेलं. मी लगेच फोन लावला.

"सोळा एमएमचा मणी सतरा ग्रॅमचा? बागेत द्राक्षं लावलीत का लिंबं?"

"मला काय विचारतो? शीट तुझीच आहे."

हे खरं आहे. मी नाशिकच्या अंबडला एका वर्कशॉपमध्ये एस्टिमेटचं बघतो. ड्रॉइंग आलं की माल किती लागेल, वजन किती भरेल, भाव काय लावायचा, हे माझं काम. चारेक वर्षांपूर्वी गोळ्यांच्या वजनासाठी ही शीट केली. ती घरच्यांना दिली, मित्रांना दिली, त्यांनी पुढे ढकलली. कुणी रकाने वाढवले, कुणी कंस खाल्ले. आता एकाच शीटची बरीच भावंडं जिल्ह्यात फिरतायत आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे. फोनवर दरवेळी तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

उत्तर आठपट

सर्वांत जास्त तक्रारी याच. कारण एका वाक्यात सांगता येतं: हातात आकडा व्यासाचा असतो आणि डोक्यात सूत्र त्रिज्येचं.

दहावीच्या महत्त्वमापनाच्या धड्यात गोलाचं घनफळ म्हणजे चार तृतीयांश पाय (π) गुणिले त्रिज्येचा घन, असं आपण घोकलेलं असतं. ते बरोबरच आहे. पण शाळा सोडल्यावर त्रिज्या मोजणारा माणूस मी अजून पाहिला नाही. गोळ्याचा मध्य गोळ्याच्या पोटात असतो, तिथे पट्टी लावणार कशी? व्हर्नियर कॅलिपरच्या दोन जबड्यांत गोळा धरला की मिळतो तो डाया, म्हणजे व्यास. ड्रॉइंगवर लिहिलेला असतो तोही डाया. बेअरिंगचे छर्रे डायाने विकले जातात, द्राक्षाचे मणी डायाने निवडले जातात. मग तो आकडा सवयीने 'त्रिज्येचा घन' या जागी जाऊन बसतो. संख्या दुप्पट, घनात गेली की दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ.

हसू नका, मी स्वतः हे केलंय, आणि शीट व्हायच्या आधी नाही, झाल्यानंतर. एका गिऱ्हाइकाला ५० मिमीचे भरीव पितळी गोळे हवे होते, ४० नग. नमुन्याचा एक गोळा त्यांनी सोबत आणला होता. मी शीटमध्ये ५ सेमी टाकलं, घनफळ ५२३.६ सीसी आलं, पितळेची घनता ८.५ धरून एका गोळ्याचं वजन जवळजवळ साडेचार किलो, ४० नगांचे १७८ किलो. पितळेचा भाव लावला आणि कोटेशन पुढे सरकवलं. त्या गृहस्थांनी ते वाचलं, टेबलावरचा गोळा उचलला, तळहातावर दोनदा वर-खाली केला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, हा साडेचार किलोचा आहे?"

गोळा साधारण ५५६ ग्रॅमचा होता. ४० नगांचे सव्वाबावीस किलो. चहा मी पाजला, ऑर्डर दुसरीकडे गेली.

त्या दिवशी शीटमध्ये मी जो बदल केला तोच तुम्हीही करा. त्रिज्येला हातच लावू नका. व्यासाचा निम्मा करून त्याचा घन केला तर तो व्यासाच्या घनाचा आठवा भाग होतो. चार तृतीयांशाला आठाने भागलं की उरतो एक षष्ठांश. म्हणजे:

घनफळ = पाय × व्यासाचा घन ÷ ६

पाय भागिले ६ म्हणजे ०.५२३६. हा एक आकडा पाठ करा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. साध्या दुकानी कॅल्क्युलेटरवर ५ × ५ × ५ × ०.५२३६ दाबलं की ६५.४५ सीसी, संपलं. निम्मं करायचं नाही, कंस नाहीत, चार तृतीयांश नाही. एक्सेलमध्ये बरोबरचं चिन्ह, मग पाय फंक्शन त्याच्या रिकाम्या कंसासकट, गुणिले व्यासाचा सेल, टोपीचं चिन्ह (^, म्हणजे घात), ३, भागिले ६. मोजलेला आकडा जसाच्या तसा सूत्रात जातो, मधे त्याला कुणी हात लावत नाही. चुका होतात त्या नेमक्या या मधल्या हात लावण्यातच.

आणि हे काही माझं डोकं नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त घनफळ व्यासावरूनच काढायला सांगितलंय: चेंडूला घातलेल्या जाळीसारखं जे पृष्ठफळ, त्याला व्यासाने गुणा आणि सहाने भागा. हे भास्कराचार्य परके नव्हेत. नाशिकरोडहून भुसावळच्या गाडीत बसलं की मनमाड, नांदगाव आणि मग चाळीसगाव; त्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या माणसाने व्यासाचं सूत्र दिलं आणि आपण त्रिज्येचं घोकत बसलो.

आधी तोंडी अंदाज, मग शीट

लीलावतीत याहून सोपी एक युक्ती आहे आणि मला ती फार आवडते. व्यासाचा घन करा, निम्मा करा, त्या निम्म्यात त्याचाच एकविसावा भाग मिळवा. झालं घनफळ. ५ सेमीचा गोळा घेऊ: घन १२५, निम्मे ६२.५, त्याचा एकविसावा भाग जेमतेम ३, बेरीज साडेपासष्ट. खरं उत्तर ६५.४५. ही युक्ती म्हणजे पायऐवजी २२/७ घेणंच आहे, पण तोंडी करता येतं. एकविसावा भाग काढायचाही कंटाळा असेल तर 'निम्मं आणि वर थोडं' एवढं पुरतं. १० सेमीचा गोळा म्हणजे अर्धा लिटर आणि वर थोडं, ५२३.६ सीसी. १ मीटर व्यासाची गोल टाकी म्हणजे सव्वापाचशे लिटरच्या आसपास. १६ मिमीचा मणी: १.६ चा घन ४.१ धरा, निम्मे २ आणि थोडं, खरं उत्तर २.१४ सीसी. आतेभावाच्या शीटमधले १७ बघितल्याबरोबर खटकले ते यामुळेच.

आता या लेखातलं मुख्य सांगतो. शीटचं उत्तर भागिले तोंडी अंदाज, असा भागाकार करा. जे गुणोत्तर येईल ते बहुतेक वेळा चूक कोणती ते सांगतं. डॉक्टर नाडी बघतो तसं. ८ आलं तर व्यास त्रिज्येच्या जागी गेलाय. एक अष्टमांश, म्हणजे ०.१२५ आलं, तर उलटं झालंय: कुणीतरी आधीच निम्मं केलेला आकडा व्यासाच्या सूत्रात टाकलाय. माझी दुरुस्त शीट ज्यांच्याकडे गेली त्यांच्यात ही दुसरी चूक वाढली, कारण निम्मं करायची सवय हाताला लागलेली असते. १.९१ च्या आसपास आलं तर नुसता घन झालाय, ०.५२३६ ने गुणायचं राहिलंय. दीडपट आलं तर गोळ्याऐवजी त्याच व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या डब्याचं घनफळ निघालंय. गोळा त्याच्या डब्याच्या दोन तृतीयांश असतो, हे आर्किमिडीजने दाखवलं होतं.

चारपट आली तर? ही कंसाची चूक. घन करून मग निम्मं केलंय, निम्मं करून घन नाही. सिन्नरच्या एका मित्राच्या शीटमध्ये हेच होतं. चार तृतीयांश, गुणिले पाय, गुणिले व्यासाचा घन, भागिले २. वाचताना डोळ्याला सरळ वाटतं, कारण चार तृतीयांशही आहे, पायही आहे, घनही आहे, निम्मंही आहे. सगळे पाहुणे आलेत, पंगत चुकीच्या क्रमाने बसली आहे.

बरोबर उत्तर देणारी चुकीची शीट

यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या, म्हणून जरा सविस्तर.

त्याच मित्राने शीट 'दुरुस्त' करून परत पाठवली. या वेळी निम्मं आधी लिहिलं होतं: चार तृतीयांश, गुणिले पाय, गुणिले व्यास, भागिले २, टोपी, ३. कंस नाही. मी तपासायला सर्वांत सोपा आकडा टाकला, १. उत्तर ०.५२३६. बरोबर! कळवून टाकलं की आता ठीक आहे.

दोन दिवसांनी तो म्हणतो, १० टाकल्यावर ५.२३६ येतंय. मी म्हटलं, आकडे तेच आहेत की, ५२३६. दशांश चिन्ह सरकलंय, म्हणजे एककाचा घोळ असणार. मिलिमीटर-सेंटिमीटर, लिटर-सीसी, कुठेतरी १०० चा फरक. मग रकाने उघडून एककं तपासत बसलो. सगळी बरोबर होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी वैतागून ३ टाकलं. उत्तर १.५७. यायला हवं १४.१४. आता मात्र दशांश चिन्हाचा प्रश्नच नव्हता.

झालं होतं असं: एक्सेल घात आधी काढतं, गुणाकार-भागाकार नंतर. त्यामुळे 'भागिले २ टोपी ३' म्हणजे भागिले ८ झालं आणि व्यासाचा घन कधी झालाच नाही. व्यास एकदाच गुणला गेला. आता १ चा घन १ च, म्हणून १ टाकल्यावर चूक दिसली नाही. १० चा घन आणि १० यांत फरक नुसत्या शून्यांचा, म्हणून १० टाकल्यावर चूक एककाची वाटली. तपासायला आपण नेहमी १ आणि १० च टाकतो आणि या शीटने नेमके तेच दोन आकडे फसवायला धरले होते.

तेव्हापासून माझा नियम: तपासायला २ आणि ३ टाकायचे. २ ला ४.१९, ३ ला १४.१४. आणि दोन वेगळ्या मापांना गुणोत्तर वेगवेगळं येत असेल तर पाय, चार तृतीयांश, एककं यांच्या नादी लागू नका, घातच चुकलाय. घन राहिलाय, किंवा त्याजागी वर्ग झालाय, किंवा घनफळाऐवजी पृष्ठफळ निघालंय. गुणोत्तर सगळ्या मापांना एकच असेल तर मात्र घात बरोबर आहे आणि गुणणारा आकडा चुकलाय. दोष शोधायला या एका फरकाइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

संगणकाच्या वर्गातलं पाऊण

पुतणी डिप्लोमाला आहे. तिचा सी भाषेतला प्रोग्रॅम दरवेळी उत्तर पाऊणपट द्यायचा, ०.७५. पाऊण म्हणजे चार तृतीयांशाच्या जागी १ आलाय. सीमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच देतो, ४ भागिले ३ म्हणजे १, उरलेलं टाकून. ४.० भागिले ३ लिहिलं की सुटतं. जावातही तेच. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून साधा भागाकार दशांशात उत्तर देतो, तिथे हा त्रास नाही.

काकाने मोठ्या तोऱ्यात तिला व्यासाचं सूत्र सांगितलं. तिने 'एक भागिले सहा, गुणिले पाय, गुणिले घन' असं लिहिलं आणि उत्तर आलं शून्य! एक भागिले सहा पूर्णांकात शून्यच. पाऊणपेक्षा शून्य बरं, निदान चूक लपत नाही. भागिले ६.० शेवटी लिहा. आणि सीमध्ये टोपीचं चिन्ह घातासाठी नसतं, त्याचा अर्थ भलताच आहे; घन हवा असेल तर तीनदा गुणा.

टेपने मोजलं तर ३१ पट

मोठे गोळे व्हर्नियरमध्ये मावत नाहीत, मग लोक शिंप्याचा टेप गुंडाळतात. टेप देतो तो परीघ. तो व्यास समजून टाकला तर गुणोत्तर येतं ३१, म्हणजे पायचा घन. शेजारच्या पोराचा सीझन बॉल आम्ही असाच मोजला, तो गोल्फ क्लब मैदानावर सरावाला जातो. परीघ २२.६ सेमी. क्रिकेटच्या नियमातही पुरुषांच्या चेंडूचा परीघ २२.४ ते २२.९ सेमी आहे, म्हणजे चेंडू बरा होता. तो आकडा व्यास म्हणून टाकला तर घनफळ सहा लिटर. कळशीभर चेंडू! परीघाला ३.१४१६ ने भागा, ७.१९ सेमी व्यास येतो, मग नेहमीचं सूत्र. उत्तर १९५ सीसी. थेट करायचं तर परीघाचा घन भागिले ५९.२२.

एककं

थोडक्यात. मिमीमध्ये घन केला तर सेमीत आणायला १० ने नाही, १००० ने भागायचं. ५० मिमीच्या गोळ्याचे ६५,४५० घन मिमी म्हणजे ६५.४५ सीसी. मी तर घन करण्याआधीच मिमीचे सेमी करतो, एका रकान्यात १० ने भागून, प्रश्नच मिटतो. इंचातलं घनफळ २.५४ ने नाही, २.५४ च्या घनाने, म्हणजे १६.३९ ने गुणायचं. गुणोत्तर ०.१५५ आलं की समजा कुणीतरी इंच एकदाच बदललाय.

पायची काळजी सोडा. २२/७ घ्या, ३.१४ घ्या. २२/७ ने गुणोत्तर १.०००४ येतं, माझ्या त्या सव्वाबावीस किलो पितळेत फरक नऊ ग्रॅमचा. लोक पायच्या दशांशांवर वाद घालतात आणि व्यास डोळ्याने मोजतात.

पोकळ गोळे

रेलिंगचे गोळे बहुतेक पोकळ असतात. इथे बाहेरचं घनफळ वजा आतलं घनफळ. ओडी (बाहेरचा व्यास) ५० आणि पत्रा २ मिमी जाड असेल तर आयडी (आतला व्यास) ४८ नाही, ४६. जाडी दोन्ही बाजूंनी जाते. ४६ धरलं तर पितळ १४.५ सीसी, वजन १२३ ग्रॅम. ४८ धरलं तर ६४ ग्रॅम, जवळजवळ निम्मं, आणि कोटेशनमध्ये तेवढं पितळ तुमच्या खिशातून गेलं. दुसरा प्रकार याहून गमतीचा: एका शिकाऊ पोराने ओडीतून आयडी वजा केला, ४ मिमी आले, त्याचं घनफळ काढलं आणि वजन पाव ग्रॅमच्या वर थोडं आलं. आधी दोन्ही घन, मग वजाबाकी.

भांडी बाजारातल्या घागरी-कळशांना यातलं काहीही लावू नका. गळा, बूड, पोटाचा फुगवटा, काहीच गोलाचं नसतं. मापाने पाणी भरा आणि मोजा. कढई अर्धगोल वाटते, पण खोली काठाच्या व्यासाच्या निम्मी असेल तरच ती अर्धगोल. बहुतेक कढया त्याहून उथळ असतात.

शीट बरोबर, तरी उत्तर थोडं चुकतं

गुणोत्तर ०.९ ते १.१ च्या मधे रेंगाळत असेल तर सूत्राला दोष देऊ नका, मोजण्यात बघा. व्यासातली एक टक्का चूक घनफळात तीन टक्के होते. १६ मिमीच्या मण्यात अर्धा मिमी इकडेतिकडे झाला की घनफळ जवळजवळ दहा टक्के हलतं. मणी मऊ असतो, व्हर्नियरचा जबडा जोरात आवळला तर अर्धा मिमी तिथेच जातो. जबडा टेकला की थांबा, दाबू नका. हीच घनाची करामत बागेत फायद्याची असते: १६ चा मणी १८ झाला तर साईज साडेबारा टक्के वाढली, पण माल ४२ टक्के. फुगवणीसाठी लोक एवढा जीव का टाकतात ते या एका भागाकारात दिसतं. घरी करून बघायचं तर लाडू वळा. ५ सेमीचा एक लाडू म्हणजे ४ सेमीचे जवळजवळ दोन.

सरासरीतही एक खड्डा आहे. निम्मे मणी १६ चे आणि निम्मे २० चे असतील तर सरासरी व्यास १८, आणि १८ चं घनफळ ३.०५ सीसी. पण १६ चा मणी २.१४, २० चा ४.१९, त्यांची सरासरी ३.१७. व्यासांची सरासरी काढून घन केला तर माल कमी दिसतो. आधी प्रत्येकाचं घनफळ, मग सरासरी. घडात जितकी लहान-मोठी भेसळ जास्त, तितका हा फरक मोठा.

आणि सगळे मणी गोल नसतात. थॉमसन जातीचा त्यातल्या त्यात चालतो, सोनाका जातीचा लांबट. २४ मिमी लांब आणि १६ मिमी जाड मण्याला लांबीचा घन लावला तर उत्तर सव्वादोनपट येतं. दोन्हींची सरासरी २० धरली तरी तीस टक्के जास्त. इथे घनाऐवजी तीन मापांचा गुणाकार करा: लांबी × जाडी × जाडी × ०.५२३६. १.६ × १.६ × २.४ × ०.५२३६, म्हणजे ३.२२ सीसी. सूत्र तेच आहे, फक्त तिन्ही दिशांचे व्यास वेगळे. लासलगावच्या चपट्या कांद्यालाही हेच चालतं.

शंका उरलीच तर पाण्याला विचारा. परवाच्या फोननंतर आतेभावाकडे रविवारी गेलो तेव्हा हेच केलं. शीट दुरुस्त करून दिली तरी त्याचा विश्वास बसेना, त्यात त्याचं चुकत नाही. त्याच्याकडे निरनिराळ्या मापांची भोकं असलेली प्लास्टिकची पट्टी आहे. तिच्या १८ च्या भोकातून अडखळत जातील असे मणी निवडायला पोरांना बसवलं, १०० मणी. फवारणीचं औषध मोजायचा एक लिटरचा उभा जार धुऊन घेतला, त्यात बरोबर ५०० सीसी पाणी. पिकलेला मणी पाण्यापेक्षा थोडा जड असतो, तळाशी बसतो, वरून दाबून धरावा लागत नाही. शीटप्रमाणे १०० मण्यांचे ३०५ सीसी व्हायला हवेत, म्हणजे पाणी ८०५ वर.

पाणी ७८४ वर थांबलं. २८४ सीसी. गुणोत्तर १.०७.

"बघ," आतेभाऊ म्हणाला, "अजून चुकतीये तुझी शीट."

मी जार हलवून बुडबुडे काढले. पाणी डोळ्यासमोर धरून पुन्हा वाचलं. भोकांची पट्टी व्हर्नियरने मोजली, १८ चं भोक १८ चंच होतं. दहा मणी काढून आडवे-उभे मोजले, गोल होते. सात टक्के म्हणजे व्यासात सव्वादोन टक्के, ०.४ मिमी, एवढं चुकेल असं काही दिसेना. शेवटी जार ताटात ओतला आणि मणी मोजले.

९३ भरले. पोरं ओट्यावर बसून तोंड हलवत होती.

९३ गुणिले ३.०५४, बरोबर २८४.